चिमट्याची उकल

जुन्या मोटारसायकलीचा पुढचा चिमटा सोडवायला पान्यांचा नेहमीचा संच पुरत नाही, हे त्या कामात हात घालणाऱ्याला लवकरच कळते; पण तो का पुरत नाही याचा विचार करू लागले, की यंत्र जोडणारा कारखाना आणि ते वर्षानुवर्षे चालते ठेवणारा कारागीर यांच्या कामातील मूळ फरकापाशी यावे लागते. कारखान्याला ते यंत्र एकदाच जोडायचे असते, तेही नव्या, स्वच्छ आणि मापात असलेल्या भागांतून. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तेच भाग चाळीस-पन्नास वर्षांचा गंज, चिखल, वाक आणि आधीच्या हातांनी मारलेले घाव यांच्यासकट सुटे करायचे असतात. म्हणून जोडणीची हत्यारे आणि सोडणीची हत्यारे या दोन वेगळ्या जाती मानाव्या लागतात, आणि दुसऱ्या जातीच्या हत्याराची पारख एका प्रश्नावर ठरते: जोर लावल्यावर काही मोडायचेच असेल, तर भाग मोडेल की हत्यार? जो भाग आता कोणताही कारखाना बनवत नाही, त्याच्या बाबतीत या प्रश्नाचे एकच उत्तर पत्करता येते, आणि ते उत्तर कागदावर देऊन भागत नाही, लोखंडात घडवावे लागते.

मराठी वाचकाला वाराणसी ठाऊक असते ती बहुधा तीर्थक्षेत्र म्हणून: अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारलेले विश्वनाथाचे मंदिर, शिंदे आणि भोसले यांच्या नावांचे घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी. पण याच शहराला यंत्रविद्येचीही शतकभराची परंपरा आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९१९ साली अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू झाले, त्याचाच वारसा २०१२ पासून आयआयटी म्हणून चालतो. १९६१ साली येथे डिझेल रेल्वे इंजिनांचा कारखाना स्थापन झाला आणि अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या तंत्रसाहाय्याने जानेवारी १९६४ मध्ये त्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. याच शहरात, खोजवाँ आणि कश्मीरीगंज या वस्त्यांत, लाकडी खेळणी कातणारे खरादी त्याहूनही जुन्या परंपरेचे आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेनेच रंग चढवण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. इंजिनाचे भाग कातणारा लेथ आणि खेळणे कातणारी खराद ही दोन्ही यंत्रे एकाच शहरात चालू असणे ही जुन्या मोटारसायकलींच्या दृष्टीने मोठी सोय आहे, आणि ती कशी, हे पुढे येईल.

या शहरातील रस्ते चिमट्याची परीक्षा पाहणारे आहेत. पक्का महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांना दगडी फरसबंदी आहे, मधूनमधून पायऱ्या आणि पन्हळी आहेत, आणि तिथून जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाला दर काही हातांवर धक्का बसतो. शिवाय पावसाळ्यात गंगा चढली की खालच्या वस्त्यांत पाणी शिरते आणि ओसरताना बारीक गाळ मागे ठेवते. या गाळाचा कण सरकत्या नळीला चिकटून रबरी सीलच्या ओठाखाली गेला, की प्रत्येक धक्क्यासरशी तो क्रोमच्या पृष्ठावर रेघ ओढतो; त्या रेघेतून तेल पाझरते, तेलावर आणखी धूळ बसते आणि काही काळाने चिमटा उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे १९५५ पासून घडू लागलेली बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची १९६१ नंतरची जावा आणि १९७३ ते १९९६ या काळातली येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० या उत्तर भारतातल्या रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या गाड्या होत. या प्रत्येकीच्या चिमट्याची आतली रचना निराळी आहे, म्हणून प्रत्येकीला लागणारे हत्यारही निराळे.

रचना समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या, बेचक्याच्या आकाराच्या भागाला कारागीर चिमटा म्हणतात, आणि त्यात स्प्रिंग व तेल असेल तर शॉकअप हे नावही त्याला चालते. सुरुवातीच्या काळात बहुतेक गाड्यांना गर्डर पद्धतीचा चिमटा असे, म्हणजे आखूड दुव्यांवर झुलणारी एक ताठ चौकट आणि तिला आवरणारी एक स्प्रिंग. धक्क्यानंतरचे हेलकावे थांबवण्यासाठी घर्षणाच्या चकत्या घट्ट-सैल करण्याची मूठ असे. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा इंग्लंडमध्ये आल्फ्रेड स्कॉट यांनी १९०८ सालीच वापरला होता, परंतु त्या नळ्यांत तेलाने हेलकावे शमवण्याची सोय करून तो चिमटा विक्रीच्या गाडीवर बसवण्याचे श्रेय बीएमडब्ल्यूच्या १९३५ सालच्या आर १२ या गाडीकडे जाते. मॅचलेस कंपनीने १९४१ मध्ये आपल्या लष्करी गाडीला असा चिमटा दिला आणि महायुद्ध संपताच ब्रिटनमधील बहुतेक कारखाने त्याच मार्गाने गेले. तत्त्व सगळ्यांचे सारखेच होते: टी नावाच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांत पक्की बसलेली पोलादी नळी, तिच्यावर चाकासह वर-खाली सरकणारी बाहेरची नळी, आत स्प्रिंग आणि तेल, आणि तेल अडवणारे सील. मात्र वरची नळी टीमध्ये कशी धरायची, सील कशात बसवायचे आणि आतला दांडा तळाशी कसा आवळायचा, याबाबतीत प्रत्येक कारखान्याने आपापली युक्ती योजली, आणि त्या युक्तीला जुळणारे खास हत्यार आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरतेच बनवले. कारखाने बंद झाले तेव्हा गाड्या रस्त्यावर राहिल्या, पण ती हत्यारे विक्रेत्यांच्या कपाटांतून कुठे गेली याचा माग उरला नाही.

खास हत्यारांकडे वळण्याआधी साध्या पान्याबद्दल बोलणे भाग आहे, कारण जुन्या चिमट्यांवरील सर्वांत जास्त इजा साध्या पान्यानेच केलेली असते. ब्रिटिश गाड्यांवर आणि त्यांच्या वंशातील भारतीय बुलेटवरही दीर्घकाळ इंचाच्या मापाचे नटबोल्ट होते, आणि त्यांतील व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या डोक्याची रुंदी सांगत नाही, तर बोल्टाच्या दांड्याची जाडी सांगतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचवलेल्या या पद्धतीत पाव इंची बोल्टाच्या डोक्याची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३४ मिलिमीटर भरते. तेरा नंबरचा पाना त्यावर चढत नाही आणि चौदा नंबरचा चढतो, पण त्यात सुमारे ६६ शतांश मिलिमीटरची मोकळीक राहते; जोर देताच पान्याचा जबडा नटाच्या सपाट बाजूवर टेकण्याऐवजी फक्त कोपऱ्यांवर टेकतो, कोपरे दबतात, आणि दोन-तीन खेपांत षटकोनाचा गोल होतो. पुढच्या एका मापात तर फसगत अधिक सोपी आहे, कारण तीन अष्टमांश इंची व्हिटवर्थ डोक्याची रुंदी जवळजवळ नेमकी १८ मिलिमीटर येते, तिथे अठराचा पाना नीट बसतो, आणि त्यावरून सगळीकडे मेट्रिक पाने चालतील असा समज होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या हिशेबात वाढलेल्या जुन्या मिस्त्रींना ही गुंतागुंत हातानेच कळत असे, परंतु मिलिमीटरवर शिकलेल्या पिढीसाठी जुने व्हिटवर्थ पाने शोधून ठेवणे ही पहिली खरेदी असली पाहिजे. कोणत्याही नव्या खास हत्यारापेक्षा हा खर्च अधिक सार्थकी लागतो.

चिमट्याच्या माथ्यावरची टोपी ही याच प्रकारातली, पण थोडी वेगळी अडचण आहे. ही टोपी रुंद आणि चपटी असते, तिच्या षटकोनाची उंची फार थोडी असते, आणि बाजारात मिळणाऱ्या गोटीच्या, म्हणजे नटावर वरून बसणाऱ्या पेल्यासारख्या पान्याच्या, तोंडाला आतून उतार दिलेला असतो, जेणेकरून ती नटावर सहज चढावी. तो उतार दोन-तीन मिलिमीटरचा असला तर चपट्या टोपीवरची निम्मी पकड तिथेच वाया जाते. उपाय अगदी साधा आहे: गोटीचे तोंड लेथवर किंवा सहाणेवर घासून उतार संपेपर्यंत सपाट करावे, आणि बारा कोपऱ्यांची गोटी न वापरता सहा कोपऱ्यांची वापरावी. इतक्या किरकोळ बदलाने विकतच्या हत्याराचे खास हत्यार होते. टोपीखाली स्प्रिंग दबलेली असते हे मात्र विसरून चालत नाही. शेवटचा आटा सुटताच टोपी उडते, म्हणून त्या वेळी चेहरा टोपीच्या रेषेत नसावा आणि एका तळहाताचा दाब तिच्यावर असावा. काही जपानी चिमट्यांत आट्यांऐवजी तारेची एक कडी टोपीला अडवून धरते, तिथे टोपी खाली दाबून धरणारी छोटी चौकट करून घेतली तर दोन माणसांचे काम एकाला जमते.

वरची नळी टीमधून काढणे हा खरा कसोटीचा भाग. बीएसएसारख्या ब्रिटिश गाड्यांत नळीचे वरचे टोक निमुळते केलेले असते आणि ते टीच्या तशाच निमुळत्या भोकात ओढून बसवलेले असते. अशा निमुळत्या जोडाचा कोन इतका लहान असतो, की घर्षणच त्याला धरून ठेवते, आणि सावकाश वाढवत नेलेल्या ताणाला तो दाद देत नाही, एका तडक ठोक्याला मात्र देतो. ठोका द्यायचा तर नळीच्या तोंडातील आट्यांत काहीतरी फिरवून त्यावर द्यावा लागतो. पुष्कळदा टोपीच अर्धवट फिरवून तिच्यावर हातोडा घातला जातो, आणि मग टोपीचा माथा चेचतो, शिवाय तीन-चार आट्यांवर सगळा भार आल्याने नळीचे आटे जातात. कारखान्याचे हत्यार म्हणजे याच आट्यांचा एक लांब बोल्ट असे, जो नळीत खोलवर उतरतो आणि ज्याचे डोके ठोका खाण्यासाठीच जाड ठेवलेले असते. ते मिळत नसेल तर एखादी निकामी टोपी घेऊन, तिचे आटे शाबूत असल्याची खात्री करून, तिच्या माथ्यावर जाड सळई वेल्ड करावी आणि ती टोपी पूर्ण आवळूनच ठोका द्यावा. जी टोपी भंगारात जायची, तिचे आटे इथे फार उपयोगी ठरतात, कारण ते आटे नव्याने कापायला लागणारी नेमकी डाय सहसा उपलब्ध नसते.

बुलेटच्या जुन्या चिमट्यात मामला उलटा आहे. तिथे हेडलाइटला पोटात घेणारे ॲल्युमिनियमचे मोठे ओतीव घर, ज्याला कॅस्केट म्हणतात, तेच वरच्या टीचे काम करते, आणि नळी त्यात आट्यांनी फिरवून बसवलेली असते, तर खालच्या टीत तिला बोल्टाने आवळलेले असते. खालचा बोल्ट सैल करून टीचा फटीचा भाग किंचित उघडल्याशिवाय नळी फिरवू पाहणे म्हणजे ॲल्युमिनियमचे आटे पोलादाच्या हाती देणे. नळी फिरवण्यासाठी पाईपपाना लावला जातो, आणि त्याचे दात नळीवर असे रुततात, की ती पुन्हा बसवताना भोक खरवडते. त्याऐवजी सागाच्या किंवा शिसवीच्या दोन ठोकळ्यांत नळीच्या मापाचे अर्धे-अर्धे गोल कोरून, आत राळेची पूड टाकून, दोन बोल्टांनी ते नळीवर आवळले तर पकड पुरेशी मिळते आणि पृष्ठावर ओरखडाही येत नाही. जोड फारच धरला असेल तर उष्णतेचा उपयोग होतो, कारण ॲल्युमिनियम त्याच तापमानवाढीला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते; ३५ मिलिमीटर व्यासाच्या जोडात दोन्ही धातू साठ अंशांनी तापले तरी सुमारे दोन शतांश मिलिमीटरची सैल जागा निर्माण होते, आणि गंजलेल्या आट्यांना तेवढी बहुधा पुरते. घराभोवती फडके गुंडाळून त्यावर उकळते पाणी ओतले की हे साधते. गॅसची ज्योत तिथे लावू नये, कारण कॅस्केटच्या पोटात तारा असतात आणि वर रंग असतो, आणि ओतीव ॲल्युमिनियम तापल्याचे डोळ्यांना कळतच नाही.

सीलच्या कॉलरचे हत्यार सर्वांत जवळून पाहण्यासारखे आहे. युद्धोत्तर ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत तेलाचे सील एका चकचकीत क्रोमच्या कॉलरमध्ये बसवलेले असते, ती कॉलर खालच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी बसते, आणि ती फिरवण्यासाठी तिच्या कडेला खाचा ठेवलेल्या असतात. खाच दिसली की छिन्नी लावण्याचा मोह होतो. छिन्नीचा ठोका एका बिंदूवर, तिरपा आणि बाहेरच्या दिशेने पडतो. कॉलर फिरण्याआधी खाचेची कड वाकते, क्रोम उलते, आणि कॉलरचा गोल किंचित लंबगोल झाल्याने आटे आणखी घट्ट धरतात. म्हणजे ठोक्याने काम सोपे न होता दर ठोक्यागणिक अवघड होत जाते. ज्या कॉलरींवर जुन्या छिन्नीचे घाव आहेत त्या नीट पाहिल्या तर हे सगळे त्यांच्या कडेवर वाचता येते: पहिला घाव उथळ, दुसरा खोल, आणि मग शेजारच्या खाचेवर नव्याने सुरुवात.

योग्य हत्यार म्हणजे नळीवरून सरकत खाली येणारी दुसरी एक जाड नळी, जिच्या तळाला खाचांत बसणारे दात असतात आणि जिच्या माथ्याजवळ आडवा दांडा घालायला आरपार भोक असते. ते घडवायला मलदहियाच्या लोहामंडीत मिळणाऱ्या जाड भिंतीच्या नळीचा तुकडा आणि एका चांगल्या टर्नरचा अर्धा दिवस पुरतो, पण मापे घेण्यात घाई चालत नाही. कॉलर आधी केरोसीनने धुऊन खाचांतला चिखल सुईने काढावा, मग खाचेची रुंदी, खोली आणि दोन खाचांमधले अंतर व्हर्नियरने तीनदा मोजावे, कारण मार खाल्लेली खाच मूळ मापाची राहिलेली नसते आणि हत्यार मूळ मापालाच घडवायचे असते. नळीचे तोंड लेथवर अक्षाशी काटकोनात कातावे. हाताने करवतीने कापलेले तोंड डोळ्यांना सरळ दिसले तरी एका बाजूला उंच असते, आणि मग सगळा भार एकाच दातावर येतो. दात करवतीने कापून कानशीने घासताना त्यांच्या बाजू उभ्या ठेवाव्यात, किंबहुना मुळाशी केसभर आत घ्याव्यात, म्हणजे जोर वाढला तरी दात खाचेतून वर चढणार नाही. दाताची लांबी खाचेच्या खोलीपेक्षा किंचित कमी असावी, म्हणजे नळीचे तोंड कॉलरच्या माथ्यावर सपाट टेकते आणि हत्यार डळमळत नाही. कानशीचे शेवटचे हात देताना प्रत्येक दात कॉलरवर टेकवून पाहावा, जिथे चमकती घासणखूण दिसेल तिथेच पुढचा हात द्यावा, आणि सर्व दातांवर सारखी खूण उमटेपर्यंत थांबू नये.

यानंतर हत्याराला पाणी देण्याचा, म्हणजे तापवून विझवून कडक करण्याचा प्रश्न येतो, आणि इथे कारागिरांत खरा मतभेद आहे. एका मताप्रमाणे दात साध्या मऊ लोखंडाचेच असावेत, म्हणजे जोर जास्त झाला तर दात वाकतील आणि कॉलर वाचेल. हे मत ऐकायला रास्त वाटते, परंतु वाकू लागलेला दात खाचेत उभा राहत नाही, तो तिरपा होऊन वर चढतो आणि चढताना खाचेची कड घेऊन जातो. म्हणजे त्याचे मऊपण शेवटी भागालाच महाग पडते. दात चिवट हवेत. त्यासाठी साधी नळी सोडून मध्यम कार्बनचे, एन-८ जातीचे पोलाद घ्यावे, किंवा ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून दात कापून नळीला वेल्ड करावेत. तापवताना लोखंड लाल होते हे खरे, पण दिवसाच्या उजेडात लालीचा अंदाज चुकतो, म्हणून लोहचुंबक जवळ ठेवावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते, त्याच्या थोडे पुढे नेऊन तेलात विझवले की दात काचेसारखे कडक होतात, आणि तसेच ठेवले तर काचेसारखेच तडकतात. म्हणून दात घासून उजळ करून पुन्हा हळूहळू तापवायचे असतात. त्या उजळ पृष्ठावर आधी गवती पिवळा रंग येतो, तेव्हा तापमान २३० अंशांच्या आसपास असते, मग तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, आणि तीनशेला निळा. धार लागणाऱ्या हत्याराला पिवळ्यावर थांबवतात, पण धक्का सोसणाऱ्या दाताला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यावे.

मग आधीच्या प्रश्नाचे काय, मोडायचे ते कुठे मोडेल? त्याचे उत्तर दातांत नाही, आडव्या दांड्यात आहे. दात चिवट आणि नेमके ठेवून दुबळेपणा दांड्याकडे न्यायचा: दांडा मऊ लोखंडाचा, बेताच्या जाडीचा आणि बेताच्या लांबीचा असावा, म्हणजे कॉलरच्या सोसण्यापलीकडे जोर गेला की तो डोळ्यांदेखत वाकेल. तीस सेंटीमीटरच्या दांड्यावर तीस किलोचा जोर दिला तर नऊ किलोग्रॅम-मीटरचा पीळ मिळतो. त्याच दांड्यावर मीटरभर पाईप चढवून टोकाशी तोच जोर दिला तर पीळ तिपटीच्या घरात जातो, आणि मिस्त्रीच्या हाताला मात्र दोन्ही वेळा सारखेच श्रम जाणवतात. वाकलेला दांडा ही या रचनेतली सूचना आहे. तो वाकला की जोर थांबवावा, जोडात डिझेल-केरोसीन सोडून रात्रभर ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी नव्या दांड्याने सुरुवात करावी. ज्या वर्कशॉपात हत्याराच्या दांड्यावर पाईप चढवण्याची सवय आहे, तिथे कितीही उत्तम दात घडवले तरी उपयोग नाही, असे ठामपणे म्हणावे लागते.

जपानी पद्धतीच्या चिमट्यात, म्हणजे आरएक्स १०० सारख्या गाड्यांत, अडचण बाहेर दिसतच नाही. खालच्या नळीच्या तळाशी एक ॲलन बोल्ट असतो, तो तांब्याच्या वायसरीतून आत जाऊन तेलाची चाल ठरवणाऱ्या पोकळ दांड्यात आवळलेला असतो. बोल्ट सोडवायला गेले की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरू लागतो आणि बोल्ट कितीही फिरवला तरी सुटत नाही. कारखान्याचे हत्यार म्हणजे टीच्या आकाराची एक लांब सळई, जी वरून नळीत उतरवून दांड्याच्या माथ्याला धरते. दांड्याच्या माथ्यातला खळगा कुठे षटकोनी असतो, कुठे नुसता गोल. षटकोनी असेल तर योग्य मापाचा बोल्ट सळईच्या टोकाला वेल्ड केला की काम होते. गोल असेल तिथे लाकूड हेच सर्वांत चांगले हत्यार, आणि इथे खोजवाँच्या खरादीची आठवण येते. लांब, सरळ, टोकाला हळूहळू निमुळता होत गेलेला लाकडी दांडा एकसारख्या उतारात कातणे हे खेळणी घडवणाऱ्याच्या हाताचे काम आहे. लेथवर लोखंड कातणारा टर्नर तेवढ्या सफाईने लाकूड कातेलच असे नाही. निमुळते टोक खळग्यात दाबून बसवले की ते स्वतः चेपून त्या गोलाचा आकार घेते आणि दांड्याला धरते, जोर वाढला तर लाकूड झिजते, धातूला काही होत नाही. काम झाल्यावर दोन्ही नळ्या केरोसीनने धुऊन लाकडाचा कीस काढून टाकला पाहिजे, एवढीच दक्षता. तो कीस तेलाच्या बारीक भोकात अडकला तर चिमटा दगडासारखा ताठ होतो.

राजदूतच्या सुरुवातीच्या गाड्यांना, पोलंडच्या एसएचएल एम ११ या मूळ गाडीप्रमाणे, सरकत्या नळ्या नव्हत्या. चाक पुढे आलेल्या आडव्या हातांवर झुलत असे, आणि तिथे झिजतात ते हातांच्या मुळाशी असलेले बुश. ते हातोड्याने ठोकून काढण्यापेक्षा एक लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि बुश पोटात घेईल इतक्या मापाची एक नळी घेऊन ओढून काढावेत. या हत्याराबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही, पण ज्याच्या पेटीत ते नसते त्याच्या हातून बुशचे घर फाकते.

या सगळ्या हत्यारांतली अर्धीअधिक हत्यारे नाव नसलेली असतात. विकत घेतलेल्या पान्यावर निर्मात्याचा शिक्का आणि माप असते. मिस्त्रीने घडवलेल्या दातांच्या नळीवर काहीच नसते, ती कोणत्या गाडीची, कोणत्या कॉलरची, हे फक्त तिच्या धन्याला ठाऊक असते, आणि त्याच्यामागे ती पेटी उघडणाऱ्याला तो एक निरुपयोगी तुकडा वाटतो व किलोच्या भावाने भंगारात जातो. उत्तर प्रदेशात दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सुमारास, सूर्य कन्या राशीत जातो त्या दिवशी, कारखान्यांतून आणि वर्कशॉपांतून विश्वकर्म्याची पूजा होते. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रे-अवजारे पुजली जातात तशी तिथे हत्यारे धुऊन-पुसून मांडली जातात आणि त्या दिवशी काम बंद असते. एरवी पेटीच्या तळाशी दडलेले तुकडेही अशा दिवशी बाहेर येतात. त्या मांडणीतल्या प्रत्येक घरगुती हत्याराचे मोजमाप आणि आराखडा करून ठेवण्याचे काम आयआयटीच्या किंवा करौंदीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांना एका दिवसाचा अभ्यास म्हणून देता येण्यासारखे आहे, आणि पुण्या-कोल्हापूरच्या गॅरेजांत दसऱ्याला हेच करायला कोणाची हरकत असणार नाही. आराखड्यात फार काही लागत नाही: नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास, दातांची संख्या, रुंदी आणि लांबी, पोलादाची जात माहीत असल्यास ती, दांड्याची जाडी, कोणत्या वर्षाच्या कोणत्या गाडीवर ते चालले आणि कोणत्या गाडीवर चालले नाही. हत्यारावर मात्र एक काम लगेच करता येते, त्यासाठी संस्थेचीही गरज नाही: अक्षरांचे पंच घेऊन, दातांपासून दूर, माथ्याजवळ गाडीचे नाव आणि माप ठोकून ठेवावे, आणि ते पाणी देण्याच्या आधी ठोकावे, कारण कडक झालेल्या पोलादावर पंच उमटत नाही.